अंधार पडल्यावर शनिवारवाडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शनिवार पेठेत वाढले. शाळेचा रस्ता वाड्याच्या तटाला लागून होता. त्यामुळे घरी पाहुणे आले की संध्याकाळी त्यांना वाड्यावर नेण्याचं काम लहानपणापासून माझ्याकडे असे, आणि आजही ते माझ्याकडेच आहे. पाहुणे बदलतात, प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात. ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

रात्री वाड्याच्या आत जाता येतं का?

नाही. शनिवारवाडा १९१९ पासून संरक्षित स्मारक आहे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. अशा वास्तूंचा सर्वसाधारण नियम सूर्योदय ते सूर्यास्त असा. संध्याकाळी दिल्ली दरवाजाची दिंडी बंद झाली की आत कुणीही जात नाही. रखवालदाराशी हुज्जत घालू नका आणि त्याच्या हातात पैसे कोंबायचा प्रयत्न तर मुळीच करू नका.

याला अपवाद एकच, ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. तो चालू असतो तेव्हा वेगळं तिकीट काढून अंधारात आत बसता येतं. पण हा कार्यक्रम कधी चालतो, कधी बरेच दिवस बंद राहतो. त्याच दिवशी दुपारी तिकिटाच्या खिडकीवर विचारा आणि मगच पाहुण्यांना शब्द द्या.

दरवाजासमोरचं पटांगण, जिथे थोरल्या बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथे मात्र संध्याकाळनंतरही माणसं बसलेली असतात. या पानावर 'रात्रीचा वाडा' म्हटलं आहे ते मुख्यतः या पटांगणातून आणि तटाच्या बाहेरून दिसणाऱ्या वाड्याला.

आत जाता येत नाही, मग अंधारात जाऊन बघायचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

दिवसा आत जाऊन आलेली माणसं बहुतेक एकच वाक्य बोलतात: "आत काहीच नाही." तसं पाहिलं तर खरं आहे. आत हिरवळ आहे, दगडी जोती आहेत, हौद आहेत. वाड्याच्या इमारती सागवानी लाकडाच्या होत्या आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत त्या गेल्या. सात दिवस ती आग धुमसत होती. खालची दगडी जोती, तट आणि दरवाजे तेवढे वाचले.

दिवसा लख्ख उन्हात ही उणीव डोळ्यांत खुपते. तटाच्या वर बघावं तर नुसतं आकाश. अंधार पडला की तट आणि त्यामागचं आकाश एक होतं, आणि तटाच्या आत काय आहे किंवा नाही ते दिसेनासं होतं. मग मनाला वाव मिळतो. माझे वडील मला पुतळ्यापाशी उभं करायचे आणि म्हणायचे, "नगारखाना दिसतो ना? आता त्याच्या मागे आणखी मजले चढव." वाड्याची मुख्य इमारत सात मजली होती आणि सगळ्यात वरच्या मेघडंबरीतून आळंदीच्या देवळाचा कळस दिसायचा, असं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मी एकेक मजला चढवत जायची. पाचव्या-सहाव्या मजल्यापर्यंत मान दुखायला लागायची. तेव्हा मला कळलं की आपण ज्याला वाडा म्हणतो तो केवढा होता. पुस्तकातल्या चित्राने हे इतकं पोचत नाही.

तेव्हा बघायचं हे: दरवाजाचं काळं तोंड, वरचा नगारखाना, दोन्ही बाजूंचे बुरूज आणि त्यांच्यामागची मोकळी जागा. त्या जागेकडे नुसतं पाच-दहा मिनिटं बघत बसा. फोन खिशात ठेवा.

नेमकं किती वाजता पोचावं?

दिवसाउजेडी आत आणि अंधारात बाहेर, असा बेत करा. दोन्ही झाल्याशिवाय वाडा पुरता कळत नाही. पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातला. बंद होण्याच्या तास-दीड तास आधी आत शिरा. वेळा अधूनमधून बदलतात, दारावरचा फलक बघून घ्या.

आधी नगारखान्यावर चढा, कारण वरचा जिना बंद करायची घाई संध्याकाळी लवकर सुरू होते. तिथून एका बाजूला पटांगण आणि नव्या पुलाकडची गर्दी दिसते, दुसऱ्या बाजूला जोत्यांचा सगळा नकाशा. हा नकाशा नीट बघून ठेवा. बाहेर आल्यावर अंधारात इमारती उभ्या करायच्या त्या याच जोत्यांवर. मग खाली उतरून हजारी कारंज्यापाशी जा. सोळा पाकळ्यांच्या कमळाचा त्याचा आकार हा तटाच्या आतला सगळ्यात देखणा अवशेष आहे. शिट्टी वाजली की बाहेर या, कोपऱ्यावर चहा घ्या, आणि पूर्ण अंधार झाल्यावर पटांगणात परत या.

तिकीट किती?

भारतीयांना २५ रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना मोफत. पटांगणाला तिकीट नाही.

पौर्णिमेच्या रात्री "काका, मला वाचवा" अशी हाक ऐकू येते, हे खरं आहे का?

नाही. माझं अख्खं लहानपण त्या तटापासून हाकेच्या अंतरावर गेलं. पौर्णिमा आल्या नि गेल्या. कुत्री भुंकताना ऐकली, विसर्जनाचे ढोल ऐकले, ट्रकचे हॉर्न ऐकले. हाक कधी ऐकली नाही.

पण मला खरं सांगायचं आहे ते वेगळंच. नारायणराव पेशव्यांचा खून रात्री झालाच नाही. तारीख ३० ऑगस्ट १७७३, वार सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. गणेशोत्सव चालू होता, पौर्णिमा दोन दिवसांवर होती. नारायणराव सकाळी पर्वतीला जाऊन आले होते आणि दुपारी विश्रांती घेत होते. भर दुपारी, एकच्या सुमाराला, थकलेल्या पगाराचा ओरडा करत गारदी, म्हणजे पेशव्यांच्या पदरचे भाडोत्री शिपाई, वाड्यात घुसले. नारायणराव धावत काकांच्या, म्हणजे रघुनाथरावांच्या, दालनात गेले आणि त्यांना मिठी मारली. सुमेरसिंग गारद्याने त्यांना तिथेच मारलं. वाचवायला आडवा पडलेला सेवक चाफाजी टिळेकरही मारला गेला. सगळा प्रकार अर्ध्या तासात उरकला. अंधाराचा याच्याशी काही संबंध नव्हता. वाड्यात माणसांची वर्दळ होती, उजेड होता, आणि तरी कुणी थांबवू शकलं नाही. मला विचाराल तर यातलं भयानक आहे ते हे.

नारायणरावांचा जन्म १० ऑगस्ट १७५५ चा. म्हणजे वीस दिवसांपूर्वी त्यांना अठरावं वर्ष पुरं झालं होतं. आज ज्या वयाची मुलं बारावीचा निकाल हातात घेऊन प्रवेशाच्या रांगेत उभी असतात, ते वय. त्या मुलाच्या शेवटच्या शब्दांवर रात्री अंगावर काटा आणायचा खेळ होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एकदा पटांगणात बसले असताना एका भूतसफरीचा घोळका आला. सफरवाल्यांचा एक पोरगा तटाच्या सावलीत दडून बसला होता, तो ठरल्या क्षणी ओरडला आणि सगळे किंचाळून हसले. मी उठून घरी गेले. तशा सफरीला पैसे देऊ नका, एवढी माझी विनंती आहे.

आणि 'ध'चा 'मा'?

गारद्यांना दिलेल्या हुकमातल्या "धरावे" या शब्दाचं रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी "मारावे" केलं, ही गोष्ट मराठी घरांत म्हणीइतकी रुळली आहे. गोष्ट म्हणून सांगा, पुरावा म्हणून सांगू नका. पक्कं आहे ते असं की रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी धरलं आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. सत्तेवर बसलेल्या माणसाला तोंडावर असं सांगणारा न्यायाधीश या शहरात होऊन गेला. वाड्यासमोर उभं राहून मुलांना काही सांगायचंच असेल तर हे आधी सांगा.

मग पुण्याच्या इतिहासात रात्री घडलेलं काहीच नाही का?

आहे की, आणि ते वाड्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. लाल महाल. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री, रमजानच्या दिवसांत, शिवाजी महाराज मोजक्या माणसांनिशी तिथे शिरले आणि शाएस्तेखानाची बोटं तोडून निसटले. त्या वेळी शनिवारवाडा नव्हताच, त्याचा पाया घातला गेला तो सदुसष्ट वर्षांनी. आजची लाल महालाची इमारत नंतर नव्याने उभारलेली आहे. तरीही रात्री आठ-नऊला कसब्याच्या गल्लीतून तिच्या दिशेने चालत जाताना अंगावर रोमांच येतात. दिवे विझल्यावर ओळखीच्या घरात, आपण जिथे लहानाचे मोठे झालो त्या जागेत, शत्रूला शोधत फिरणं म्हणजे काय असेल, ते चालताना जाणवतं.

पेशव्यांच्या काळात रात्रीचा वाडा कसा असेल?

कल्पना करायला काही आधार आहेत. दालनांत समया आणि हंड्या-झुंबरं, चौकांत दिवट्या, दरवाजावर मशाली. सगळा उजेड तेलाचा, म्हणजे हलणारा आणि पिवळा. लाकडी खांबांवरच्या कोरीव कामावर तो कसा खेळत असेल ते बघायचं असेल तर जुन्या देवळात समईच्या उजेडात खांब बघा. आणि एवढ्या लाकडात रात्रंदिवस उघड्या ज्योती तेवत होत्या, हेही ध्यानात घ्या.

आवाज दोन. एक नगारखान्यावरचा चौघडा. दुसरा पाण्याचा. नानासाहेबांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावापासून जमिनीखालून बांधीव नळ आणला गेला. निव्वळ उतारावर, कुठल्याही यंत्राशिवाय, ते पाणी शहरातल्या हौदांत आणि वाड्यात पोचत असे. हजारी कारंजं सवाई माधवरावांसाठी, म्हणजे नारायणरावांच्या मुलासाठी, बांधलं म्हणतात. त्याच वाड्यात १७९५ च्या ऑक्टोबरात ते वरच्या मजल्यावरून खाली कोसळले आणि एकविसाव्या वर्षी गेले. कारंज्याचं कमळ बघताना मला दर वेळी हे आठवतं.

आणि तटाबाहेरचं शहर? रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायला कोतवालाची मनाई असे. विनापरवाना सापडलात तर रात्र चावडीत. घाशीराम कोतवालाच्या अमलात या सत्तेचा कहर झाला. १७९१ मध्ये कोठडीत डांबलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचलं. आज आपण दहा वाजता पटांगणात निवांत बसतो, ते त्या काळात शक्य नव्हतं.

सगळे दरवाजे रात्री बाहेरून बघता येतात का?

गल्ल्यांतून वळसा घालत बरेचसे. घाई केली नाही तर अर्धा तास लागतो.

उत्तरेचा दिल्ली दरवाजा सगळ्यात मोठा. त्याच्या एकेका फळीवर ७२ अणकुचीदार खिळे आहेत, हत्तीने धडक देऊ नये म्हणून. रस्त्यावरच्या दिव्याच्या तिरप्या उजेडात प्रत्येक खिळ्याची सावली फळीवर पडते. हे दृश्य दिवसा मिळत नाही, ते चुकवू नका. उत्तरेलाच मस्तानी दरवाजा. पूर्वेला खिडकी दरवाजा, आग्नेयेला गणेश दरवाजा. दक्षिणेच्या नारायण दरवाजातून नारायणरावांचा देह बाहेर नेला, म्हणून त्याला ते नाव पडलं. तिथे मी थोडा वेळ गप्प उभी राहते. तुम्हीही राहावं असं वाटतं.

चालता चालता तटाकडे नीट बघा. खाली दगड, वर वीट. सगळा वाडा दगडात बांधायचा मान फक्त छत्रपतींचा, असा आक्षेप साताऱ्याहून आला, म्हणून वरचं काम विटांत झालं असं सांगतात.

पौर्णिमेला चंद्र वाड्यावर कुठे दिसतो?

पटांगणातून दरवाजाकडे तोंड केलं की तुमचं तोंड दक्षिणेला. म्हणजे चंद्र डाव्या हाताला उगवणार. वैशाख-ज्येष्ठात तो आग्नेयेकडून, तटाच्या डाव्या टोकाच्या अंगाने वर येतो आणि सारी रात्र दक्षिणेकडे झुकलेला राहतो. वाड्यासह चंद्र बघायचा तर हेच दिवस. मार्गशीर्ष-पौषात तो ईशान्येला, जवळजवळ तुमच्या पाठीमागे उगवतो आणि मध्यरात्री डोक्यावर येतो. मग तो वाड्यावर दिसत नाही, पण त्याचा उजेड दरवाजावर पडतो.

फोटो काढता येतील का?

मोबाइलवर खुशाल. तिवई लावून किंवा लग्नाआधीचं चित्रीकरण आत करायचं असेल तर परवानगी लागते. ड्रोन उडवू नका. बाहेर तिवई नसेल तर पुतळ्याभोवतीच्या कठड्यावर फोन टेकवा, हात हलत नाही.

बाईने एकटीने जाणं सुरक्षित आहे का?

पटांगणात साधारण साडेनऊ-दहापर्यंत कुटुंबं, कॉलेजची मुलं, फुगेवाले, कणीसवाले असतात. मी तिथे एकटी बसते. मागच्या बाजूच्या गल्ल्या मात्र लवकर सुनसान होतात, तिथला वळसा कुणाला तरी सोबत घेऊनच घाला. फरासखाना पोलीस ठाणं जवळ आहे, आणि ११२ हा क्रमांक लक्षात ठेवा. (फरासखाना म्हणजे पेशव्यांच्या तंबू-बिछायतींचं कोठार. पेठांतली अशी नावं अजून जुनं काम सांगतात.)

यायचं कसं?

मेट्रोने. कसबा पेठ स्थानकावरून चालत या. वनाझ-रामवाडी मार्गाने येणार असाल तर महापालिकेपाशी उतरा आणि नव्या पुलावरून, म्हणजे १९२३ च्या शिवाजी पुलावरून, नदी ओलांडा. अंधारात पुलाच्या दगडी कमानी बघत येणं हाच मला आवडणारा रस्ता. पीएमपीच्या कितीतरी बसगाड्या शनिवारवाड्याला थांबतात. चारचाकी कृपया आणू नका. जागा शोधण्यात संध्याकाळ जाईल.

कोणते दिवस टाळावेत?

गणेशोत्सवाचे दहा दिवस, वाडा शांतपणे बघायचा असेल तर. त्या दिवसांत यायचं ते गणपती बघायला. पावसाळ्यात आतली जोती निसरडी होतात. उत्तम काळ कार्तिक ते माघ. दिवाळीत पाडव्याला वाड्यावर पणत्या लावल्या जातात आणि त्रिपुरी पौर्णिमेला जवळच्या ओंकारेश्वराच्या देवळात दीपोत्सव असतो. झुंबरांच्या काळातला उजेड कसा असेल याचा अंदाज या दोन रात्रींत येतो. थंडीत डासांचं मलम आणि पातळ शाल, दोन्ही बरोबर ठेवा.

आजी-आजोबांना नेता येईल का?

पटांगणात नक्की. नगारखान्याचा जिना अरुंद आहे, पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखत असतील तर तो सोडून द्या. माझी आजी शेवटची काही वर्षं फक्त पुतळ्यापाशी बसायची आणि आम्ही वर गेलो की खालून हात हलवायची.

खायचं काय?

आत खायला मनाई आहे. बाहेर भेळ, कणीस, शेंगा. पोटभर हवं तर अप्पा बळवंत चौकाकडे चाला. मस्तानी (आइस्क्रीम घातलेलं घट्ट दुधाचं पेय) प्यायची असेल तर उन्हाळ्यात, गप्पा मारत, शेवटी.

लहान मुलांना नारायणरावांची गोष्ट सांगावी का?

मुलाच्या वयाप्रमाणे. दहाच्या आतल्या मुलांना मी आधी खिळे दाखवते, हत्तीची गोष्ट सांगते, दरवाजातून आत गेल्यावर वाट उजवीकडे-डावीकडे का वळते ते त्यांनाच ओळखायला लावते. खुनाचं त्यांनी विचारलं तरच सांगते, आणि खोटं सांगत नाही.

माझा भाचा दहा वर्षांचा असताना शाळेतून ऐकून आला होता. पटांगणात माझा हात घट्ट धरून म्हणाला, "आत्या, तो अजून ओरडतो का गं?" मी म्हटलं, नाही रे, आणि ते दुपारी घडलं होतं. मग नारायणरावांचं वय सांगितलं. तो जरा वेळ दरवाजाकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे आपल्या दादाएवढा." त्यानंतर त्याने हाक ऐकू येते का हे विचारलं नाही. चाफाजीबद्दल विचारलं: तो कोण होता, त्याला मुलं होती का, त्याच्या नावाचा दरवाजा का नाही. पहिल्याचं उत्तर मला देता आलं. बाकीच्या दोन प्रश्नांवर आम्ही नव्या पुलापर्यंत बोलत चालत गेलो.